डेप्यूंचं जुनं घर

१७ मार्च २०१५, मंगळवार

चौतीस वर्षांनी सरकारला माझी आठवण झाली. रोझेनकिल गावातून नवा रुंद रस्ता न्यायचाय आणि तो नेमका डेप्यू नावाच्या शेतकरी कुटुंबाच्या अंगणातून जातोय. त्यांचं घर दगडी, डच धाटणीचं. ते खरोखर पहिल्या पिढीतल्या वसाहतकारांनी बांधलेलं असेल तर रस्ता वळवायचा. नसेल तर अंगण, गोठा, सफरचंदाची झाडं, सगळं खडीखाली. वारसा कचेरीतल्या बाईने फोनवर विचारलं, "डॉ. पेनिमन, तुम्ही अजून... काम करता ना?" 'जिवंत आहात' हे शब्द तिने त्या मधल्या जागेत गिळले.

घर १६९८ सालचं आहे हे १९८१ साली मीच सिद्ध केलं. दारावरच्या दगडात तो आकडा कोरलेला आहे, पण कोरलेला आकडा कुणीही वाचतो. तो पुराव्याने शाबीत करायला दोनशे बारा पानं लागली आणि ती मी लिहिली. तेव्हापासून हे गाव तो आकडा चघळत बसलंय. वेशीवरच्या पाटीवर १६९८. शाळेच्या बेसबॉल संघाच्या पाठीवर १६९८. आज पेट्रोल पंपावर '१६९८' नावाचं सँडविच पाहिलं. टर्कीचं. इतिहास लोकांच्या हाती दिला की त्याचं हे असं होतं.

मोटेलमध्ये उतरलोय. गादी बहुधा वसाहतकाळातली आहे.

१९ मार्च

लाकडाचं वय काढणारी तज्ज्ञ आली. रेनाटा फिस्क. वय अठ्ठावीस, डोक्यावर मासेमारांची टोपी, हातात गिरमीट. तुळईत भोक पाडून ती पेन्सिलीएवढी कांडी बाहेर काढते, त्यातली वर्षागणिक वाढलेली वलयं मोजते आणि झाड कोणत्या हिवाळ्यात तोडलं ते सांगते. म्हणजे मी आयुष्यभर कागद, बिजागऱ्या, खिळे, चुना यांवरून जे काढलं, ते ही बाई भोकं पाडून काढणार.

"तुमचं पुस्तक मी कॉलेजात वाचलंय," ती म्हणाली.

"सगळं?"

"परीक्षेला होतं तेवढं."

निदान खोटं बोलत नाही.

२४ मार्च

दिवसभर डेप्यूंकडे. घर पाहिलं आणि बरं वाटलं. भिंती दोन फूट जाडीच्या, चुनखडीच्या. छताचा उतार उभा, दार आडवं दुभंगणारं. वरची फळी उघडी ठेवून गप्पा मारायच्या, खालची लावून डुकरं बाहेर ठेवायची. आत मात्र कॉर्टने प्लास्टिकच्या खिडक्या बसवल्यात. कॉर्ट म्हणजे घराची मालकीण अलिडा डेप्यू हिचा मुलगा, आता चोपन्न वर्षांचा, भोपळे आणि गवत पिकवतो. मी त्याला म्हटलं, "खिडक्या बदलताना कुणाला विचारलं होतंस?" तो म्हणाला, "थंडीला."

अलिडा त्र्याऐंशी वर्षांची झालीय. मी दारात दिसताच म्हणाली, "हॉलिस, किती वाळलास रे! बायको गेल्यापासून सपान तरी खातोस का?" सपान म्हणजे मक्याची लापशी. हे लोक तिला अजून डच नावाने हाक मारतात आणि अजूनही तितकीच वाईट करतात. मी दोन वाट्या खाल्ल्या.

तिचा नवरा एव्हर्ट सहा वर्षांपूर्वी वारला. चांगला माणूस, पण बैलासारखा. १९८१च्या उन्हाळ्यात मी इथे तीन महिने राहिलो, त्यात त्याने घराबद्दल मला एकच प्रश्न विचारला: "प्रोफेसर, हे सगळं कळून गाईला काय मिळणार?" दर रविवारी जेवायला मात्र आग्रहाने बोलवायचा, पुढेही मी गावात आलो की बोलवायचा. त्याने माझं ऐकलं ते एकदाच. दगडी घराच्या मागे एक लाकडी कुबड चिकटलेलं होतं, एकच खोली, धुरकट आणि वाकडी, त्यात कोंबड्यांचं खाद्य ठेवत. पुस्तकात मी लिहिलं होतं, 'मागाहून जोडलेली ही बिनमोलाची पडवी मूळ वास्तूचं सौष्ठव बिघडवते. काढून टाकणं इष्ट.' पुस्तक १९८३ साली आलं आणि त्याच वर्षी एव्हर्टने ती काढून टाकली. आता मागची भिंत कशी स्वच्छ दिसते!

२६ मार्च

रेनाटाने घरातल्या बारा तुळयांच्या कांड्या घेतल्या. काम संपलं तरी बाई हलेना. ट्रॅक्टरच्या शेडमध्ये जाऊन वर बघत उभी.

"डॉ. पेनिमन, या तुळया बघा. ओक आहे. कडा कुऱ्हाडीने ताशीव आहेत. आणि किती काळ्या पडल्यात!"

"ट्रॅक्टरचा धूर."

"शेड कधीची?"

"तिला 'कधीची' विचारायची लायकी नाही. पत्र्याची आहे."

तरी तिने शिडी लावलीच. तुळईवर लाल रंगात आकडे घातलेले होते, ७, ८, ९, असे. मी म्हटलं, लाकूडवाल्याच्या खुणा असतील. कॉर्ट खाली ट्रॅक्टरचं तेल बदलत होता. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि परत तेलात घातली. याचं सगळं शहाणपण त्या तेलातच आहे.

९ एप्रिल

रेनाटाचा फोन. दगडी घराच्या बाराही तुळया १७७०-७१च्या हिवाळ्यात तोडलेल्या झाडांच्या. बाराच्या बारा. एकही अपवाद नाही.

मी म्हटलं, छप्पर जळालं असेल, नवं घातलं असेल. ती म्हणाली, "तळघराच्या तुळयासुद्धा?" मी म्हटलं, तळघरही जळतं. ती काही बोलली नाही. तरुण माणसांच्या गप्प बसण्यात फार उद्धटपणा असतो.

तासाभराने माझं मलाच बरं वाटलं. चौतीस वर्षांपूर्वी हे यंत्र नव्हतं. 'शास्त्र पुढे गेलं' असं एक सभ्य वाक्य लिहायचं, काम झालं. मोठमोठ्यांची मतं बदलली आहेत. पण मग दारावरचा १६९८चा दगड कुठून आला?

१० एप्रिल

दगड कुठून आला ते कळलं.

रेनाटा मोटेलवर आली. बसलीसुद्धा नाही. शेडमधल्या तीन तुळया: १६९७-९८चा हिवाळा. त्यावरचं काळं म्हणजे धूर, पण ट्रॅक्टरचा नव्हे, चुलीचा. एका तुळईत रुंद खाच आहे, बाजूंना भिंती नसलेल्या जुन्या डच चुलीचं धुराडं टांगायची. अशी चूल या खोऱ्यात १७५०नंतर कुणी बांधली नाही. हे मला तिने सांगायची गरज नव्हती. हे माझ्याच पुस्तकाच्या एकशेचाळिसाव्या पानावर आहे.

"या तुळया कुठून आल्या, डॉ. पेनिमन? शेडच्या नमुन्यावर मूळ जागा लिहावी लागेल."

मी म्हणालो, "एव्हर्ट लिलावांतून काहीबाही आणायचा. मूळ अज्ञात लिहा. किंवा वगळाच. आपलं काम घरापुरतं."

तिने टोपी नीट केली. मग म्हणाली, "बरं."

आकडा बरोबर होता. घर चुकलं होतं. १६९८चं घर म्हणजे ती धुरकट एकखोली पडवी, तिच्याच तुळया एव्हर्टने शेडला लावल्या. सत्तर वर्षांनी पैसा आल्यावर डेप्यूंनी तिच्यापुढे दगडी घर उभारलं आणि आजोबांचा कोरीव दगड जुन्या चुलवणातून काढून नव्या दारावर बसवला. पोरालाही समजावं इतकं सोपं.

आणि मी ती पाडायला लावली.

१४ एप्रिल

मोटेलमध्ये दिवस काढला. कागद उघडले. १७७४चं मृत्युपत्र, याकोबस डेप्यूचं. पुस्तकात मी त्यातले दोनच शब्द घेतले होते: 'जुनं घर'. १७७४ साली ज्याला जुनं म्हणतात ते दगडी घर नक्कीच पाऊणशे वर्षांचं असणार, असा माझा युक्तिवाद. परीक्षकांनी त्याचं कौतुक केलं होतं.

आज अख्खं वाक्य वाचलं. 'माझी गुलाम बाई डीन हिला, ती जिवंत आहे तोवर, जुन्या घरात चुलीपाशी तिची जागा असावी.'

दगडी घर तेव्हा तीन वर्षांचं होतं. मालक नव्यात राहायला गेले, डीन जुन्यात राहिली. मी वाक्याच्या मधले दोन शब्द उचलले आणि बाईला तिथेच सोडलं, कारण ती माझ्या मुद्द्याला उपयोगाची नव्हती. त्याच मृत्युपत्रातल्या चांदीच्या चमच्यांवर मात्र दीड पान लिहिलंय.

१८ एप्रिल

अहवालाच्या कागदावर मालकांची सही घ्यायला डेप्यूंकडे गेलो. अंगणात रस्तेवाल्यांनी खुंट्या ठोकून गुलाबी फिती बांधल्यात. एक खुंटी अलिडाच्या रुबार्बच्या भाजीच्या वाफ्यात.

कॉर्ट म्हणाला, "काय निघालं, डॉक्टर?"

"१७७१."

"म्हणजे रस्ता येणार."

"या खोऱ्यात १७७१ची दगडी घरं पन्नासेक आहेत. सरकार पन्नास रस्ते वळवत नाही."

तो फितीशी खेळत राहिला. मग म्हणाला, "आणि शेडमधल्या तुळयांचं? त्या पोरीने तिकडेही भोकं पाडली होती ना?"

"त्यांचा काही संबंध नाही."

"नाही?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला आणि गवताच्या गाठोड्यांकडे गेला. या लोकांना नको तिथे कुतूहल. स्वतःचं अंगण चाललंय आणि हा शेडचं विचारतो.

खरं लिहिलं तर अंगण वाचेल, हे मला कळतंय. पडवी गेली तरी तिचा पाया मातीखाली असणार, आणि १६९८चा पाया कुणाला उखडू देणार नाहीत. फक्त ते लिहिताना पडवी कुणी पाडायला लावली तेही लिहावं लागेल. अहवाल सोमवारी द्यायचाय.

२० एप्रिल

अहवाल दिला. १७७१. 'शास्त्र पुढे गेलं.' छान उतरलंय वाक्य.

२६ एप्रिल, रविवार

अलिडाने जेवायला बोलावलं. नाही म्हणायला कारण सापडलं नाही. कोंबडीचा पाय आणि त्यावर सॉस. कॉर्ट नव्हता. ताटं उचलल्यावर तिने टेबलावर एक छोटी वही ठेवली. जनावरांचं खाद्य विकणारे दुकानदार नाताळात फुकट देतात, तसली.

"एव्हर्टची आहे," ती म्हणाली. "बघ."

पहिल्या पानावर १९८३चा ऑक्टोबर. पुढे पेन्सिलीने काढलेला पडवीचा नकाशा. मग प्रत्येक खांब, प्रत्येक तुळई, तिला लाल आकडा, लांबी, जाडी, कुठली खुंटी कुठे, कुठे धूर जास्त, कुठे खाच. शेवटी त्यातली कोणती शेडमध्ये कुठे लावली त्याची यादी. एक इंच सुटलेला नाही. मी पडवीचा एक फोटोसुद्धा घेतला नव्हता. मुखपृष्ठावरच्या फोटोतून ती मुद्दाम कापली होती.

मी विचारलं, "त्याला कधी कळलं?"

"अर्धी पाडल्यावर. वरचं पत्र्याचं आणि फळ्यांचं अंग निघालं नि आतला सांगाडा दिसला. आत आला, हात धुतले आणि म्हणाला, 'अलिडा, आपण चुकीचं घर पाडतोय.'"

"मग थांबला का नाही?"

"छप्पर खाली आलं होतं रे. हिवाळा तोंडावर. उघडं ठेवलं असतं तर मार्चपर्यंत सगळं कुजलं असतं. म्हणून मोजून मोजून उतरवलं आणि शेडमध्ये घातलं. निदान कोरडं राहील म्हणाला."

"मला का नाही सांगितलं?"

ती ताटावरचे तुकडे बोटाने गोळा करत होती. "मी म्हटलं होतं, सांग त्याला. तर म्हणाला, 'आता सांगून तुळया परत चढणार आहेत का? पोराचं पुस्तक नुकतं आलंय. किती आनंदात आहे!'"

मी तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो. मला पोर म्हणण्याची हिंमत त्या वर्षी कुणात नव्हती.

"त्याची आजी त्या खोलीत जन्मली होती," अलिडा म्हणाली. "पाडायचं त्याच्या मनात नव्हतं. पण तू लिहिलं होतंस. शिकलेला माणूस लिहितो म्हणजे काहीतरी असेल, म्हणाला."

"कॉर्टला माहीत आहे?"

"ट्रॅक्टर तोच चालवत होता."

म्हणजे त्या दिवशी अंगणात तो कुतूहलाने विचारत नव्हता. मला एक संधी देत होता. नंतर पुन्हा एक. आणि मी दोन्ही वेळा 'नाही' म्हणालो.

"मग तुम्हीच का सांगत नाही कचेरीत?" मी जरा चिडूनच म्हटलं. "वही आहे, तुळया आहेत."

"आम्ही सांगितलं तर रस्ता चुकवायला रचलेली गोष्ट वाटेल. आणि खरं सांगू? तू सांगशील असं मला वाटत होतं. महिनाभर वाटत होतं." तिने वही माझ्याकडे सरकवली. "घेऊन जा. सांगायचं नसेल तर परत आणून दे. पण टपालाने पाठवू नकोस, हरवते."

बत्तीस वर्षं ज्याला मी बैल समजत होतो, तो पडवी पाडल्यानंतरही मी आलो की मला जेवायला बोलावून माझ्या ताटात वाढत होता आणि मनात ठेवून होता. मी त्याला घराची जाण नाही असं समजत होतो. त्याने मला लाज वाटू नये म्हणून स्वतः अडाणी राहणं पत्करलं. याचा मला अजून राग येतोय. कुणावर ते ठरत नाहीये.

२७ एप्रिल

रेनाटाला फोन केला. म्हटलं, तीन नमुन्यांची मूळ जागा लिहा: डेप्यू घर, मागची पडवी.

ती म्हणाली, "मी वगळले नव्हते. नुसतं तुमच्या फोनची वाट बघत होते."

सगळेच वाट बघत होते. माझ्याखेरीज प्रत्येकाला माहीत होतं की मी कोण आहे.

६ मे

गावच्या सभागृहात सुनावणी. घडीच्या खुर्च्या, पातळ कॉफी, १६९८चे टी-शर्ट घातलेले लोक. रस्त्याचा अभियंता खिशात पाच पेनं घालून आला होता. मी पहिला अहवाल मागे घेतल्याचं पत्र वाचलं आणि मग दुसरा अहवाल. 'ही पडवी पाडण्याची शिफारस प्रस्तुत लेखकाने केली होती' हे वाक्य आलं तेव्हा मागून कुणीतरी हसलं. गावचा न्हावी असावा. मी थांबलो आणि ते वाक्य पुन्हा वाचलं.

अभियंता म्हणाला, "म्हणजे डॉक्टर, चौतीस वर्षं तुम्ही चुकीच्या घराकडे बोट दाखवत होतात?"

"हो."

"आणि आता बरोबर दाखवताय यावर आम्ही विश्वास का ठेवावा?"

"माझ्यावर ठेवू नका," मी म्हटलं. "एव्हर्ट डेप्यूवर ठेवा." आणि वही त्याच्यासमोर ठेवली.

तो पंधरा मिनिटं वाचत होता. मोजमापांची माणसं एकमेकांना ओळखतात. शेवटी त्याने चष्मा काढला आणि कचेरीतल्या बाईला म्हणाला, "हे ज्याने केलंय, त्याला नोकरीवर घेता आलं असतं तर बरं झालं असतं."

बाहेर कॉर्ट भेटला. माझ्या गाडीचं दार उघडून धरलं आणि म्हणाला, "उशीर केलात."

"हो."

"चला जेवायला. आईने सपान केलंय."

२९ मे

निर्णय आला. रस्ता ओढ्यापलीकडून जाणार. विद्यापीठाच्या छापखान्याने पुस्तकाची नवी आवृत्ती थांबवली आहे. पत्रात 'सध्यापुरती' असं लिहिलंय. ते सध्यापुरतं किती काळ टिकतं ते मला ठाऊक आहे. मीही अशी पत्रं बऱ्याच जणांना लिहिली आहेत.

१९ जून

पडवीच्या जागेवरचं गवत काढायला सुरुवात केली. मी, रेनाटा आणि तिचे तीन विद्यार्थी, ज्यांना कुदळ धरता येत नाही. अलिडा घडीच्या खुर्चीवर बसून हुकूम सोडत होती. "दार तिकडे होतं. नाही, आणखी डावीकडे. खाद्याची पोती तिथे."

दुपारी पायाचे दगड लागले. मी फीत लावली: एकवीस फूट आठ इंच. एव्हर्टच्या वहीत बावीस फूट एक इंच. मला, लिहायला लाज वाटते, पण आनंद झाला. मी मोठ्याने म्हटलंसुद्धा, "एव्हर्ट पाच इंच चुकला!"

रेनाटा म्हणाली, "तुमचा शेवटचा दगड कोपऱ्याचा नाहीये बहुतेक."

गवताखाली आणखी खणलं. कोपऱ्याचा दगड खाली घसरलेला होता. बावीस फूट एक इंच.

चारच्या सुमाराला खोलीच्या उत्तर टोकाला माती विटेसारखी लाल लागली. दीडशे वर्षांचा जाळ खाऊन भाजलेली. वहीत तिथे एव्हर्टने गोल काढून 'चूल' लिहिलंय. अलिडा उठली, काठी टेकत आली आणि कडेला उभी राहिली. मी तिला मृत्युपत्रातलं वाक्य अख्खं सांगितलं, डीनच्या नावासकट. तिने ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाली, "हिच्यावर किती पानं लिहिणार?"

"जेवढं सापडेल तेवढं."

"फार सापडणार नाही," ती म्हणाली. "तरी लिही."

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर नकाशा पक्का केला. कचेरीच्या छापील कागदावर खाली रकाने असतात. 'मोजमाप' यापुढे लिहिलं: एव्हर्ट डेप्यू, १९८३. 'कालनिर्णय' यापुढे: रेनाटा फिस्क. 'रेखाटन' हा रकाना मी एका विद्यार्थ्याला दिला. हात बरा आहे त्याचा.

रेनाटा म्हणाली, "तुमचं नाव कुठेच नाही."

पाडण्याचा सल्ला कुणी दिला, यासाठी सरकारी कागदावर रकाना नसतो. मी पट्टी घेतली, तळाशी एक आखला आणि भरला.